घरखर्चात खरी बचत कुठे होते? वर्षाची खरेदी, वीजबिल आणि मोजमाप

माजघर

नमस्कार. घरखर्च कमी करण्याचा विषय निघाला की बोलणे बहुतेक वेळा हॉटेलचे जेवण, मुलांचा खाऊ आणि सणाचे कपडे यांच्यावर येऊन थांबते, आणि घरातल्या माणसांना आपल्या हौसेवरच कात्री चालवली जात आहे असे वाटू लागते. माझे मत वेगळे आहे. गहू, तांदूळ, डाळी, तेल, वीज, गॅस आणि घरातल्या ज्येष्ठांची औषधे या गोष्टी आपण वर्षभर न चुकता घेतोच. त्या कधी, किती आणि कोणत्या मापाने घ्यायच्या हे नीट ठरवले, तर कोणाच्याही ताटातले काही कमी न करता वर्षाकाठी चांगली रक्कम हाती राहते. या धाग्यावर अशाच गोष्टींची चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

सुरुवात गव्हापासून करते. रब्बीचा नवा गहू साधारण मार्चपासून बाजारात येऊ लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत आवक भरपूर असते. त्या काळात लोकवन, सिहोर, शरबती, खपली असे प्रकार समोरासमोर ठेवून निवडता येतात. दर महिन्याला पाच किलोची पिशवी घेणाऱ्याला ही निवडही मिळत नाही आणि घाऊक भावही मिळत नाही. किती घ्यायचा, याचा अंदाज मात्र शेजाऱ्यांना विचारून करू नये. मध्यम आकाराच्या पोळीला साधारण 30 ग्रॅम पीठ लागते. चार माणसांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून वीस-बावीस पोळ्या होत असतील, तर दिवसाला सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम आणि वर्षाला सव्वादोन क्विंटलच्या आसपास गहू लागतो. ज्या घरात एक वेळ भाकरी किंवा भात असतो, तिथे हा आकडा पुष्कळ खाली येतो. एक-दोन महिने गिरणीत किती दळण नेले ते वजन लिहून ठेवले, की आपल्या घराचा आकडा आपोआप मिळतो.

साठवण नीट झाली नाही तर सगळी बचत किड्यांच्या पोटात जाते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. गहू निवडून, चाळून कडक उन्हात वाळवावा. दाताखाली धरल्यावर दाणा कडकन फुटला तर तो पुरेसा वाळला आहे असे समजावे. दबला किंवा चिकट लागला तर आणखी एक ऊन द्यावे. उन्हातून उचललेला गहू गरम असतानाच कोठीत भरू नये, कारण झाकण लावल्यावर आतली वाफ थंड होऊन कडेला पाणी सुटते आणि तिथूनच बुरशी व टोके (धान्यातले किडे) यांची सुरुवात होते. संध्याकाळी गहू सावलीत पसरून पूर्ण निवू द्यावा. मग तळहाताला एरंडेल लावून थोडा थोडा गहू दोन्ही हातांनी असा चोळावा की दाण्याला नुसती चकाकी यावी, तो ओला वाटू नये. तेलाच्या त्या पातळ थरामुळे किड्यांना दाण्यावर अंडी घालता येत नाहीत आणि घातलेली अंडी गुदमरतात. कोठी आधी पुसून, वाळवून घ्यावी, तळाशी सुकलेला कडुलिंबाचा पाला घालावा आणि कोठी थेट फरशीवर न ठेवता पाटावर ठेवावी. गेल्या वर्षीचा उरलेला गहू नव्यात कधीही मिसळू नये.

तूरडाळीसाठी जानेवारी ते मार्च हा काळ बरा, कारण खरिपाची तूर निघून नवी डाळ तेव्हा बाजारात आलेली असते. मिरची, धने आणि हळद यांची खरेदी उन्हाळ्यातच करावी. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी असे प्रमाण आपल्या जिभेप्रमाणे ठरवून कांडून आणलेले तिखट पाकिटातल्या तिखटापेक्षा स्वस्त पडते आणि कमी लागते. कांद्याच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवावी. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा टिकतो, तर खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, म्हणून लाल कांदा कितीही स्वस्त मिळाला तरी पोत्याने घेऊ नये.

आता तेलाचे माप. दुकानात 15 किलोचा डबाही असतो आणि 15 लिटरचा डबाही असतो. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात सुमारे 13 किलो 650 ग्रॅम तेल असते. दोन डब्यांच्या भावात शंभर-दीडशे रुपयांचा फरक पाहून आपण लिटरचा डबा स्वस्त समजून उचलतो, पण त्यात जवळजवळ सव्वा ते दीड किलो तेल कमी असते. पिशव्यांचेही तसेच आहे. काही पिशव्या एक लिटरच्या असतात, काहींत वजन त्याहून कमी असते, आणि शेल्फवर त्या अगदी सारख्या दिसतात. बंद पाकिटांवर आता प्रति ग्रॅम, प्रति मिलिलिटर किंवा प्रति नग विक्री किंमत छापावी लागते. ती बारीक अक्षरांतली ओळ वाचण्याची सवय घरातल्या मुलांनाही लावावी. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते हा समजही त्या ओळीवरून तपासता येतो.

विजेबद्दल माझा अभ्यास कमी आहे. जाणकारांनी लिहावे.

हिशेबनीस

माजघर, तेलाच्या मापाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. विजेबद्दल मी लिहितो, कारण वीजबिलाबद्दल अनेक घरांत एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. शंभर युनिटांच्या वर एक जरी युनिट गेले तरी सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे लोक समजतात. तसे नसते. महावितरणच्या घरगुती दरात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यातल्या युनिटांना त्या त्या टप्प्याचाच दर लागतो. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. त्यामुळे ज्या घराचा वापर 160 युनिट आहे, त्या घराने वाचवलेली पहिली 60 युनिटे महागड्या टप्प्यातली असतात. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून सरासरी काढणारे लोक आपली बचत कमी मोजतात. शिवाय वाचलेल्या प्रत्येक युनिटाबरोबर त्यावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा आकार) आणि 16 टक्के वीज शुल्कही वाचते. स्थिर आकार मात्र कितीही वाचवले तरी द्यावाच लागतो.

कोणते उपकरण आधी बदलावे, हे त्याच्या वॅटवरून नव्हे, तर वॅट आणि तास यांच्या गुणाकारावरून ठरवावे. साधा छताचा पंखा साधारण 75 वॅटचा असतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास असतो. पंखा दिवसाला पंधरा तास चालत असेल, तर पहिला सव्वा युनिटाच्या किंचित खाली आणि दुसरा अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज घेतो. महिन्याला फरक वीस युनिटांचा पडतो. असे तीन पंखे असतील तर साठ युनिटे होतात, आणि वर दिलेल्या 160 युनिटांच्या घराचा वापर थेट पहिल्या टप्प्यात येतो. परंतु पाहुण्यांच्या खोलीतला पंखा, जो महिन्यातून दोन-तीन वेळाच लागतो, तो बदलण्यात काही अर्थ नाही. झोपण्याच्या खोलीतला आणि आजी-आजोबा जिथे दिवसभर बसतात तिथला पंखा आधी बदलावा.

सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी तो वीज घेत राहतो. तो 10 वॅट धरला तरी दिवस-रात्र चालू राहून महिन्याला सात युनिटे होतात. भिंतीवरचे बटण बंद करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

गिझरबद्दल एक हिशेब देतो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट लागते. हे पाणी तापले की लगेच वापरले तर ठीक, पण गिझर सकाळभर चालूच ठेवला तर टाकीतून उष्णता निघून जात राहते आणि गिझर पुन्हा पुन्हा चालू होतो. घरातल्या सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकल्या आणि थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवला, तर काहीही नवीन न घेता फरक दिसतो. फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले आहे का, हे पाहण्यासाठी दारात कागदी नोट धरून दार लावावे. नोट सहज ओढून निघाली तर रबर बदलून घ्यावे. फ्रिज घेताना फक्त तारे न मोजता लेबलवर छापलेला वर्षाचा युनिटांचा आकडा वाचावा, कारण मोठ्या फ्रिजचे पाच तारे आणि लहान फ्रिजचे तीन तारे यांत लहान फ्रिज कमी वीज घेत असू शकतो.

वीजबिल मुदतीच्या बरेच आधी, बिलाच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत भरले तर एक टक्का सवलत मिळते, आणि छापील बिलाऐवजी ई-मेलने बिल घेतल्यास प्रत्येक बिलामागे दहा रुपये कमी होतात. रकमा लहान आहेत, परंतु त्यासाठी एकदाच नोंदणी करावी लागते.

वैदर्भी

आमच्याकडे अकोल्याला उन्हाळ्याचा खर्च हा वेगळाच विषय असतो, कारण पारा 45 अंशांच्या आसपास फिरत असतो आणि पंख्याने भागत नाही. दीड टनाचा एसी जोरात चालताना सुमारे दीड हजार वॅट घेतो, तर मोठा कूलर दीडशे ते दोनशे वॅटमध्ये सगळी खोली थंड करतो. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश येथील कोरड्या हवेत कूलरला तोड नाही. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तो निरुपयोगी होतो, आणि मुंबई-कोकणात तर त्याचा उपयोगच नाही, हेही सांगायला हवे. कूलर खिडकीच्या बाहेर, सावलीत आणि बाहेरची हवा ओढेल असा बसवावा, आणि समोरची दुसरी खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत आतच ठेवलेला कूलर तीच दमट हवा फिरवत राहतो, आणि मग कूलर काम करत नाही म्हणून लोक एसी घेतात. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात, त्यांचा खर्च आणि रोजच्या पाण्याचा खर्च मात्र हिशेबात धरला पाहिजे. ज्या वस्तीत टँकरने पाणी येते, तिथे कूलर फारसा स्वस्त राहत नाही.

स्लॅबचे घर असेल तर मार्चमध्येच गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा. चुना चांगला निवळून, त्यात चिकटण्यासाठी थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालून दोन हात दिले, तर वरच्या मजल्यावरच्या खोलीत हातानेच कळेल इतका फरक पडतो. छताला खालून हात लावून पाहिले तर संध्याकाळी ते पूर्वीसारखे तापलेले लागत नाही, आणि रात्री कूलर लवकर बंद करता येतो. पावसाळ्यात हा थर धुऊन जातो, परंतु चुन्याची पिशवी इतकी स्वस्त असते की दरवर्षी देणे परवडते. एसी असलाच तर तो 24 ते 26 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. तापमान एक अंशाने वाढवले की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते.

गिरणगाव

चर्चा चांगली चालली आहे, परंतु एक गोष्ट कळकळीने मांडावीशी वाटते. सव्वादोन क्विंटल गहू एकदम घ्यायचा, तर किलोला चाळीस रुपये धरले तरी नऊ हजार रुपये एका वेळी लागतात, आणि त्यावर डाळ, तांदूळ, मसाला वेगळाच. आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कोठी ठेवायला जागा नाही आणि महिन्याच्या पगारात नऊ हजार बाजूला निघत नाहीत. ज्यांच्याकडे आधीच पैसे आणि जागा आहे त्यांनाच स्वस्त मिळते, आणि ज्याला पाच किलोच परवडतात त्याने जास्त भाव द्यायचा, ही स्थिती या सल्ल्याने बदलत नाही.

ही एकरकमी खरेदी उसनवारीने करू नये, याचाही हिशेब मांडतो. घाऊक घेऊन किलोमागे पाच रुपये वाचले असे धरू, म्हणजे वर्षाला अकराशे-सव्वाअकराशे रुपये वाचले. हीच खरेदी क्रेडिट कार्डावर करून रक्कम थकवली, तर महिना साडेतीन टक्क्यांनी नऊ हजारांवर तीनशे रुपयांहून अधिक व्याज लागते, आणि चौथ्या महिन्यात सगळी बचत व्याजात जाऊन वर पदरचे भरावे लागतात.

मग उपाय काय? मुंबईत 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आणि पैसे आधी देतात, माल एका घरी उतरतो आणि तिथे तो सभासदच वाटून घेतात. प्रत्येक घराला महिन्यापुरतेच घ्यावे लागते, तरी भाव घाऊक मिळतो, आणि मालाची पारखही सामूहिक होते. अशी संस्था आपल्या गावात नसली तरी एका मजल्यावरच्या सहा-सात घरांनी मिळून पन्नास किलोचा कट्टा वाटून घेणे कोठेही शक्य आहे.

दुसरे, ज्यांच्याकडे प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आहे त्यांना माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळते, आणि 2023 पासून ते मोफत आहे. ई-केवायसी न झाल्यामुळे किंवा लग्न होऊन आलेल्या सुनेचे, जन्मलेल्या मुलाचे नाव न चढवल्यामुळे अनेक घरे हक्काचे धान्य सोडून देतात. पाच माणसांच्या घरात एका माणसाचे नाव नसले तर वर्षाला 60 किलो धान्य जाते. बचतीच्या कोणत्याही युक्तीपेक्षा तहसील कार्यालयातली ती एक खेप जास्त मोलाची आहे.

समुद्रकाठ

गिरणगाव यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि आमच्या बाजूची एक वेगळी अडचण सांगते. कोकणातल्या दमट हवेत वर्षाचा गहू ठेवणे म्हणजे किड्यांना आमंत्रण देण्यासारखे आहे. पावसाळ्याचे चार महिने उन्हाचे दर्शन होत नाही, मग ऊन देणार कधी? म्हणून आमच्याकडे आगोट भरतात, ती वर्षाची नसून पावसाळ्याची असते. गोव्यातही पुरमेंताची खरेदी याच हिशेबाने मे महिन्यात होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ताज्या मासळीचे भाव हाताबाहेर जातात, तेव्हा मेअखेर घेतलेले सोडे, जवळा, सुकट आणि बोंबील घराला तारून नेतात. सुकी मासळी घेताना मूठभर हातात घेऊन दाबून पाहावी. वाळू गळली किंवा ओलसर वास आला तर घेऊ नये. घरी आणून पुन्हा दोन उन्हे द्यावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी.

आमसुले, आंबोशी, फणसाच्या आठळ्या आणि कुळीथ या गोष्टींना विकत घेण्याचा खर्च जवळजवळ नसतोच, फक्त वेळेवर हात लावावा लागतो. कुळथाचे पीठ डब्यात असले की भाजी महाग झालेल्या दिवशी पिठल्यावर जेवण निभते. आंघोळीचे पाणी आम्ही अजूनही मागच्या पडवीत झावळ्या, किशी आणि करवंट्या घालून तापवतो. वाडी असणाऱ्याला त्यात गॅस आणि वीज दोन्ही वाचतात. धूर घरात येणार नाही अशी जागा असेल तरच हे करावे. बंद मोरीत चूल पेटवून डोळे आणि छाती खराब करून घेण्यात बचत नाही.

नवी पालवी

मी आणि माझे यजमान दोघेही नोकरी करतो, आणि या चर्चेत एक खर्च अजून कोणी मांडलेला नाही, तो म्हणजे घरातल्या बाईचा वेळ. गहू निवडणे, ऊन देणे, चोळणे, डाळींना तेल लावणे, कुरडया-पापड करणे, मसाला भाजणे ही सगळी कामे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात आणि त्यांची किंमत शून्य धरूनच बचतीचा आकडा काढला जातो. मी वर्षाचे धान्य भरू नये असे म्हणत नाही. आमच्या घरी आम्ही मशीनवर स्वच्छ केलेला गहू घेतो, किलोमागे थोडे जास्त देतो, आणि उन्हाच्या दोन रविवारी यजमान आणि सासरे तो वाळवून भरतात. सासूबाई फक्त तेल किती लागते ते पाहतात. काम वाटले गेले तरच ही पद्धत पुढच्या पिढीत टिकेल.

औषधांबद्दल थोडे लिहिते, कारण सासू-सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या हा आमच्या घरातला किराण्यानंतरचा सर्वांत मोठा नियमित खर्च होता. पंतप्रधान भारतीय जनऔषधी केंद्रांतल्या औषधांची किंमत ही प्रमुख कंपन्यांच्या त्याच औषधाच्या सरासरी किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी, असे धोरण आहे, आणि प्रत्यक्षात ती अनेकदा त्याहूनही खूप कमी असते. तिथे जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी आणि तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात. पहिली, औषधी घटकाचे नाव. दुसरी, प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅम, कारण एकाच गोळीत दोन घटक असतात तेव्हा इथेच घोळ होतो. तिसरी, नावापुढची एसआर किंवा एक्सआर अशी अक्षरे, कारण ती गोळी शरीरात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते आणि साधी गोळी तिची जागा घेऊ शकत नाही. थायरॉइड आणि फिट्स यांच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका कंपनीच्या सोडून दुसऱ्या कंपनीच्या घेऊ नयेत. आमच्या डॉक्टरांनी बदल मान्य करून महिन्याभराने रक्तदाब आणि साखर पुन्हा तपासली, आणि मगच आम्ही निश्चिंत झालो.

हिशेबनीस

छतावरच्या सौरऊर्जेबद्दल मला दोघांनी निरोप पाठवून विचारले आहे, म्हणून इथेच लिहितो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला 1 किलोवॅटसाठी 30 हजार, 2 किलोवॅटसाठी 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी 78 हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार, म्हणजे महिन्याला 120 युनिटे देतो. आता वर सांगितलेले टप्पे आठवावेत. ज्या घराचा वापर 300 युनिटांच्या पुढे आहे त्याची महागडी युनिटे आधी वाचतात आणि संचाची किंमत लवकर वसूल होते. ज्या घराचा वापर मुळातच 90 युनिटे आहे, त्याची सर्वांत स्वस्त युनिटे वाचतात, आणि वसुलीला पुष्कळ वर्षे लागतात. अशा घराने आधी पंखे बदलावेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर पंखा सोडवून सोबत नेता येतो.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. गिरणगाव यांचा मुद्दा मला पूर्ण पटला आहे. एकरकमी पैशांसाठी अनेक जणी भिशी लावतात. भिशीत शिस्त लागते हे खरे, परंतु तिथे व्याज मिळत नाही आणि कोणी मधेच पैसे भरायचे थांबवले तर दाद मागायला जागा नसते. त्याऐवजी बँकेत बारा महिन्यांची आवर्ती ठेव अशी सुरू करावी की तिची मुदत मार्चमध्ये संपेल. महिन्याला आठशे रुपये बाजूला टाकले तर व्याज धरून जवळजवळ दहा हजार रुपये बरोबर गव्हाच्या वेळी हातात येतात. पहिल्या वर्षी दोन-तीन महिन्यांपुरतेच धान्य भरले तरी चालेल. दमट भागातल्या घरांनीही तेवढेच भरावे, हे समुद्रकाठ यांच्या अनुभवावरून दिसते.

नवी पालवी यांनी वेळेबद्दल लिहिले ते वाचून समाधान वाटले. मशीनवर स्वच्छ केलेल्या गव्हाला जास्त पडणारे पैसे मी यापुढे खर्चात नव्हे, तर बचतीच्याच बाजूला लिहीन.

गॅसबद्दल कोणी विचारले नाही, तरी थोडक्यात सांगते. राजमा, छोले, हरभरे आदल्या रात्री भिजत घातले की शिजायला निम्माच वेळ लागतो. कुकरची शिटी झाली की आच बारीक करावी, कारण आतले तापमान मोठ्या आचेने वाढत नाही, फक्त वाफ बाहेर जाते. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरच्या तीन भांड्यांत लावावेत. सिलिंडर लावला त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहिली की 14.2 किलो गॅस किती दिवस पुरतो ते कळते, आणि तो अचानक लवकर संपला तर गळती तपासून घेता येते.

गिरणगाव

आवर्ती ठेवीची कल्पना आमच्या मजल्यावर सर्वांना आवडली आहे. सध्या सात घरांनी मिळून पन्नास किलोचा एक कट्टा घेऊन पाहायचे ठरले आहे. माजघर, एक शंका आहे. कट्ट्यावर 50 किलो लिहिलेले असते, पण वाटताना शेवटच्या घराला कमी पडले तर मनात किंतू राहील. हे कसे करतात?

माजघर

कट्टा घेताना दुकानातच वजनकाट्यावर ठेवून पाहावा. रिकाम्या बारदानाचे वजन वेगळे करून आतला माल पूर्ण 50 किलो आहे का, ते दुकानदाराला विचारून घ्यावे. घरी आणल्यावर आधी संपूर्ण गहू चाळावा, आणि कचरा, फुटका दाणा आणि माती निघाल्यानंतर जे वजन भरेल त्याचेच भाग पाडावेत, म्हणजे चाळणीतली तूट सर्वांना सारखी येते. सात घरांना प्रत्येकी 7 किलो दिले तर 49 किलो होतात, आणि चाळल्यावर साधारण तेवढेच उरते. पैसेही चाळलेल्या वजनावरच वाटावेत. दर खेपेला वाटप वेगळ्या घरापासून सुरू करावे, आणि काटा ज्याचा असेल त्याने वजन न करता दुसऱ्याने करावे.